वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची तटस्थता कशी चालायची आणि ती का मोडली

दोन्ही महायुद्धांत अमेरिका उशिरा उतरली. पहिल्यात सुमारे पावणेतीन वर्षांनी, दुसऱ्यात सव्वादोन वर्षांनी. तोवर ती ‘तटस्थ’ होती, एवढंच एक वाक्य पाठ्यपुस्तकात असतं. त्या एका शब्दामागे कायदे, परवाने, जहाजं, कर्जं आणि मतदान यांचा केवढा पसारा होता, याबद्दल वाचकांनी नेमके प्रश्न पाठवले आहेत. त्यांतले काही उत्तरांसह इथे देत आहोत.

प्रश्न (मडगाव) : ‘तटस्थ’ आणि आपल्या परराष्ट्र धोरणातलं ‘अलिप्त’ यांत फरक काय? शिवाय तटस्थ बंदरातून २४ तासांत बाहेर पडावं लागतं असं वाचलं आहे. मग दुसऱ्या महायुद्धात मुरगावला जर्मन जहाजं वर्षानुवर्षं कशी उभी होती?

अलिप्तता हे धोरण आहे. ते शांततेच्या काळातही चालतं आणि ते कसं पाळायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तटस्थता ही युद्ध सुरू झाल्यावर लागू होणारी कायदेशीर स्थिती आहे. तिच्यात हक्क आहेत तशी कर्तव्यंही आहेत. १९०७ च्या हेग करारांत ती लिहून काढली गेली. त्यांतला गाभ्याचा नियम असा की तटस्थ देशाच्या सरकारने लढणाऱ्या कोणत्याही पक्षाला युद्धनौका, दारूगोळा किंवा युद्धसाहित्य द्यायचं नाही, थेट नाही आणि आडमार्गानेही नाही. मात्र त्या देशातला खासगी व्यापारी असा माल विकत असेल तर त्याला अडवण्याची सक्ती सरकारवर नाही. सरकारचा हात आणि व्यापाऱ्याचा हात यांच्यातली ही रेघ लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या रेघेभोवती फिरतो.

२४ तासांचा नियम युद्धनौकांसाठी आहे. स्थानिक कायदा वेगळं सांगत नसेल तर लढणाऱ्या देशाच्या युद्धनौकेने तेवढ्या वेळात तटस्थ बंदर सोडायचं. एका वेळी एका पक्षाच्या तीनपेक्षा जास्त युद्धनौका तिथे नकोत. इंधन घ्यायचं ते मायदेशाचं सर्वांत जवळचं बंदर गाठण्यापुरतं, आणि एकदा घेतलं की त्याच देशाच्या बंदरातून पुढचे तीन महिने पुन्हा नाही. व्यापारी जहाजांना यातलं काही लागू नाही. मुरगावला उभी असलेली एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स ही जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन, चारही व्यापारी जहाजंच होती. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे ब्रिटिश नौदलाला उघडपणे आत शिरता येईना. म्हणून ९ मार्च १९४३ ला कलकत्त्याच्या स्वयंसेवक पलटणीतले, नोकरी-व्यवसायात असलेले मध्यमवयीन लोक त्या जहाजांवर छापा घालायला गुपचूप पाठवावे लागले. तटस्थतेच्या कायद्याला लोक किती वचकून असत, हे त्यावरून कळतं.

प्रश्न (नागपूर) : जॉर्ज वॉशिंग्टनने निरोपाच्या भाषणात ‘गुंतवून टाकणाऱ्या युती नकोत’ असं बजावलं आणि तिथून तटस्थता सुरू झाली, हे बरोबर ना?

यात दोन दुरुस्त्या हव्यात. ते शब्द वॉशिंग्टनचे नाहीत. ते थॉमस जेफरसनच्या ४ मार्च १८०१ च्या पहिल्या शपथविधी भाषणातले आहेत. आणि वॉशिंग्टनचा निरोप हे भाषणच नव्हतं. तो मजकूर १९ सप्टेंबर १७९६ ला फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. कायमच्या युती टाळाव्यात हा आशय मात्र त्यात आहे.

तटस्थतेची सुरुवात त्याआधी, २२ एप्रिल १७९३ च्या जाहीरनाम्याने झाली. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलं होतं. फ्रान्सशी अमेरिकेचा १७७८ पासून मैत्रीचा तह होता, तर व्यापार बहुतांशी ब्रिटनशी. गंमत म्हणजे जाहीरनाम्यात ‘तटस्थता’ हा शब्दच नाही. जेफरसनच्या आग्रहाने तो गाळला गेला आणि ‘मैत्रीपूर्ण व निःपक्षपाती’ वागणुकीची भाषा आली.

खरी अडचण वेगळीच होती. फ्रान्सचा राजदूत झेने जाहीरनाम्याच्या आधीच चार्ल्स्टनला उतरला होता आणि अमेरिकेच्याच बंदरात खासगी जहाजांना लढाईचे परवाने वाटू लागला होता. अशा एका जहाजावर काम केलं म्हणून गिडियन हेनफिल्ड या अमेरिकन खलाशावर खटला भरला, तर ज्यूरीने त्याला सोडून दिलं. राष्ट्राध्यक्षाचा जाहीरनामा म्हणजे काही कायदा नव्हे, आणि संसदेने केलेला फौजदारी कायदा हाती नव्हता. ही फट बुजवायला ५ जून १७९४ चा तटस्थता कायदा झाला. अमेरिकेच्या भूमीवर परक्या सैन्यात भरती व्हायचं नाही, परक्या देशासाठी युद्धनौका सजवायची नाही, आणि ज्या देशाशी आपली शांतता आहे त्याच्यावर इथून मोहीम काढायची नाही. माल विकायला मात्र कोणी मना केलं नाही.

या कायद्यामुळे युद्ध टळलंच असंही नाही. १७९८ ते १८०० फ्रान्सशी समुद्रावर न पुकारलेली लढाई झाली, १८१२ ला ब्रिटनशी उघड युद्ध. दोन्हींच्या मुळाशी तटस्थ जहाजांची अडवणूकच होती. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात भूमिका उलटली. दक्षिणेची ‘अलाबामा’ ही नौका इंग्लंडमध्ये बांधली गेली, १८६२ मध्ये बिनहत्यारी बाहेर पडली आणि अझोर्स बेटांजवळ तिच्यावर तोफा चढल्या. उत्तरेची कितीतरी व्यापारी जहाजं तिने बुडवली. तटस्थ ब्रिटनने पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून जिनिव्हाच्या लवादाने १८७२ मध्ये अमेरिकेला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात मिळवून दिले. तटस्थाने डोळेझाक केली तर बिल येतं, हा धडा या खटल्याने घालून दिला.

प्रश्न (कोल्हापूर) : ‘लुसिटानिया’ बुडाली म्हणून अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, असं शिकलो. खरं का?

लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने बुडवली. अमेरिकेने युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. मधल्या २३ महिन्यांत काय झालं ते पाहिल्याशिवाय कारण सापडत नाही.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये देशाला कृतीतच नव्हे, तर विचारातही निःपक्षपाती राहायला सांगितलं. पण ब्रिटिश नौदलाने जर्मनीची नाकेबंदी केली आणि विक्रीचा काटा आपोआप एका बाजूला झुकला. दोस्त राष्ट्रांना होणारी अमेरिकन निर्यात १९१४ मधल्या साधारण ८२ कोटी डॉलरवरून १९१६ मध्ये ३२० कोटींच्या घरात गेली. जर्मनी आणि तिच्या साथीदारांची जवळजवळ १७ कोटींवरून एक कोटीच्याही खूप खाली, लाखांत आली. कायदा दोघांना सारखाच होता. समुद्र मात्र एकाच्या ताब्यात होता.

पैशाचंही तेच. लढणाऱ्यांना कर्ज देणं खऱ्या तटस्थतेला सोडून आहे, अशी परराष्ट्रमंत्री विल्यम ब्रायन यांची सुरुवातीची भूमिका. मग अल्पमुदतीच्या उधारीला सूट मिळाली आणि १९१५ च्या शरदात मॉर्गन पेढीमार्फत ब्रिटन-फ्रान्सचे ५० कोटी डॉलरचे कर्जरोखे बाजारात आले. एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तांना २०० कोटींहून जास्त आणि जर्मनीला सुमारे २.७ कोटी, असा फरक पडला.

आता पाणबुडी. जुना नियम असा होता की युद्धनौकेने व्यापारी जहाज थांबवायचं, कागदपत्रं तपासायची, बुडवायचंच असेल तर आधी माणसं सुरक्षित करायची. पाणबुडीला हे जमण्यासारखं नव्हतं. तिचा पत्रा पातळ, आत तीस-पस्तीस माणसं कशीबशी मावत, बंद्यांना जागा कुठून येणार? वर आलं की व्यापारी जहाजावरची एखादी लहान तोफही तिला बुडवू शकायची. म्हणजे नियम पाळला तर शस्त्र निकामी, आणि शस्त्र वापरलं तर नियम मोडला. लुसिटानियाला एकच टॉर्पेडो लागला आणि ती १८ मिनिटांत तळाला गेली. सुमारे १,२०० माणसं मेली, त्यांत १२८ अमेरिकन. तिच्या पोटात रायफलींच्या काडतुसांच्या हजारो पेट्याही होत्या. विल्सन यांनी जर्मनीला खरमरीत खलिते पाठवले. ब्रायन यांना त्यांचा सूर एकतर्फी वाटला आणि जून १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नागरिकांनी लढणाऱ्या देशांच्या जहाजांतून प्रवास करू नये, एवढं सांगून मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या मते त्या काळात तटस्थतेचा अर्थ सर्वांत नीट त्यांनाच कळला होता.

‘ससेक्स’ या फ्रेंच प्रवासी जहाजावरच्या हल्ल्यानंतर मे १९१६ मध्ये जर्मनीने इशाऱ्याशिवाय जहाजं न बुडवण्याची हमी दिली. ती नऊ महिने टिकली. १ फेब्रुवारी १९१७ पासून निर्बंधाशिवाय पाणबुडी युद्ध जाहीर झालं. अमेरिका येईल हे जर्मन सेनापतींना ठाऊक होतं. तिचं सैन्य पोहोचण्याआधी ब्रिटन उपाशी पडून शरण येईल, असा त्यांचा हिशेब होता.

त्यातच जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानची तार. युद्ध झालंच तर मेक्सिकोने जर्मनीची साथ द्यावी, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असा मजकूर. ही सांकेतिक तार १६ जानेवारीला बर्लिनहून वॉशिंग्टनला गेली ती चक्क अमेरिकेच्याच राजनैतिक तारमार्गाने. शांततेच्या बोलण्यांसाठी विल्सन यांनी तो जर्मनांना वापरू दिला होता. ब्रिटिशांनी ती उकलली. १ मार्चला वर्तमानपत्रांत आली आणि दोनच दिवसांत झिमरमानने स्वतः ती खरी असल्याचं मान्य केलं. युद्धाच्या बाजूने सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५० मतं पडली.

प्रश्न (वर्धा) : आमच्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षात होते. गदरच्या लोकांवर अमेरिकेत खटला चालला तो कोणत्या कायद्याखाली? तिथे बंदुका विकत घेणं तर गुन्हा नव्हता.

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. बंदुका घेणं आणि निर्यात करणं गुन्हा नव्हताच. गुन्हा होता तो १७९४ च्या कायद्यातल्या मोहीमबंदीच्या कलमाचा. ज्या देशाशी अमेरिकेची शांतता आहे, त्याच्याविरुद्ध अमेरिकेच्या भूमीवरून लष्करी मोहीम काढायची नाही. ब्रिटिश हिंदुस्थान म्हणजे ब्रिटन, आणि ब्रिटनशी अमेरिकेची शांतता होती.

जर्मन पैशाने घेतलेल्या हजारो रायफली १९१५ च्या मार्चमध्ये सॅन डिएगोहून ‘ॲनी लार्सन’ या शिडाच्या जहाजावर चढल्या. मेक्सिकोजवळच्या सोकोरो बेटापाशी ‘मॅव्हरिक’ या तेलवाहू जहाजावर त्या द्यायच्या आणि पुढे आशियात न्यायच्या, असा बेत होता. मॅव्हरिक पोहोचलं उशिरा. पाणी संपल्यामुळे ॲनी लार्सन तोवर निघून गेलं होतं. दोघांची गाठ पडलीच नाही आणि २९ जून १९१५ ला वॉशिंग्टन राज्यातल्या होक्विअम बंदरात माल जप्त झाला.

खटला मात्र सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर १९१७ मध्ये उभा राहिला, म्हणजे अमेरिका स्वतः ब्रिटनच्या बाजूने लढू लागल्यावर. १९१५ मधल्या तटस्थतेचा भंग १९१७ मधल्या युद्धमान देशाने तपासला. एप्रिल १९१८ मध्ये निकालाच्या दिवशी आरोपींपैकी रामचंद्र यांना भर न्यायालयात दुसऱ्या आरोपीने गोळी घातली. खानखोजे त्या पिंजऱ्यात नव्हते. ते इराणकडे गेले होते, आणि पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव कमावलं. गदरचे दुसरे मराठी वीर, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे, मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फासावर गेले.

प्रश्न (ठाणे) : १९३५ ते १९३९ मध्ये इतके तटस्थता कायदे का झाले? एक पुरला नाही का?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. १९३४ पासून सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने शस्त्रविक्रेते आणि पेढ्यांच्या चौकशा सुरू केल्या. दोनशेहून जास्त साक्षी झाल्या. आपल्याला १९१७ मध्ये नफेखोरांनी ओढत नेलं, हा समज घरोघर पोहोचला. मग १९१७ ला जी जी दारं उघडी राहिली होती, ती एकेक करून बंद करायची असं संसदेने ठरवलं. आधी सरकारचा हात बांधलेला होता, आता व्यापाऱ्याचाही बांधायचा.

३१ ऑगस्ट १९३५ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांनी युद्ध चालू असल्याचं जाहीर केलं की दोन्ही पक्षांना शस्त्रविक्री बंद केली. फेब्रुवारी १९३६ मध्ये कर्जबंदी आली. मे १९३७ मध्ये लढणाऱ्यांच्या जहाजांतून प्रवासावर बंदी आली, ब्रायन यांना १९१५ मध्ये हवं होतं तेच. पण प्रत्येक कायदा मागच्या युद्धाच्या मापाने शिवलेला होता आणि पुढचं युद्ध त्यात बसेना.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला. शस्त्रबंदी दोघांना लागू झाली. इटली शस्त्रं घरीच बनवत होती. तिला हवं होतं तेल, आणि तेल ‘शस्त्र’ या व्याख्येत नव्हतं. ते विकू नका अशी नैतिक विनवणी सरकारने केली, पण विक्री वाढली. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली, तर कायद्यात फक्त दोन राष्ट्रांमधल्या युद्धाचा विचार होता. जानेवारी १९३७ मध्ये घाईघाईने खास ठराव आला. प्रतिनिधीगृहात विरोधात एकच मत पडलं. ठरावावर सही ८ जानेवारीची, आणि ‘मार कांताब्रिको’ हे स्पॅनिश जहाज विमानं घेऊन न्यूयॉर्कहून ६ तारखेलाच सुटलं होतं. मार्चमध्ये ते बंडखोर सेनापती फ्रँकोच्या नौदलाने पकडलं. म्हणजे शस्त्रबंदीने कायदेशीर सरकारचं नुकसान झालं आणि हिटलर-मुसोलिनीकडून माल मिळवणाऱ्या बंडखोरांचं काही बिघडलं नाही.

जुलै १९३७ मध्ये जपान चीनमध्ये घुसला, पण युद्ध कोणीच पुकारलं नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायदा लागूच केला नाही, कारण शस्त्रं बाहेरून आणण्याची जास्त गरज चीनला होती. पण त्यामुळे जपानलाही अमेरिकन तेल आणि भंगार लोखंड मिळत राहिलं. बंदी घातली तर एकाचं भलं आणि नाही घातली तर दुसऱ्याचं, या पेचातून कायद्याची कितीही कलमं बाहेर काढू शकली नाहीत. एवढा मोठा विक्रेता गप्प बसला तरी ती एका पक्षाला मदतच ठरते.

प्रश्न (नाशिक) : ‘कॅश अँड कॅरी’ म्हणजे रोख द्या नि घेऊन जा. पण हे प्रत्यक्षात बंदरावर कसं चालायचं?

४ नोव्हेंबर १९३९ च्या कायद्याने शस्त्रबंदी उठली आणि तिच्या जागी ही अट आली. उत्पादक किंवा निर्यातदाराने आधी परराष्ट्र खात्याकडच्या नियंत्रण मंडळात नोंदणी करायची. प्रत्येक खेपेला वेगळा परवाना. माल अमेरिका सोडण्यापूर्वी त्याची संपूर्ण मालकी परक्या खरेदीदाराच्या नावावर गेली पाहिजे, अमेरिकन माणसाचा एका पैशाचाही हितसंबंध उरता कामा नये. हेतू असा, की माल बुडाला तर अमेरिकेला ओरडायचं कारण नको. जहाज परकं हवं. लढणाऱ्या सरकारचे नवे कर्जरोखे घ्यायचे नाहीत. ब्रिटिश बेटं, उत्तर समुद्र आणि बिस्केच्या उपसागराभोवती युद्धक्षेत्र आखलं गेलं. त्यात अमेरिकन जहाजाने पाऊल टाकायचं नाही.

विमानांची मोठी पंचाईत झाली. लॉकहीड कंपनीची हडसन विमानं कॅलिफोर्नियात तयार होत. पण कॅनडा लढणारा देश. अमेरिकन वैमानिकाने विमान उडवत हद्द ओलांडली तर कायदा मोडला. म्हणून विमानं नॉर्थ डकोटातल्या पेम्बिनाला, सीमेला लागून असलेल्या शेतात उतरवत. मग घोडे जुंपून ती ओढत पलीकडे नेत आणि तिथून कॅनडाच्या बाजूचे वैमानिक ती उडवत. दोन इंजिनांचं नवंकोरं बॉम्बफेकी विमान, त्याला दोर बांधलेला आणि पुढे बर्फातून चालणारी घोड्यांची जोडी. कायद्याचा शब्द राखण्यासाठी माणसं काय काय करतात, त्याचं इतकं बोलकं दृश्य दुसरं नसेल.

यातही दोष होता तो जुनाच. रोख कोणाकडे आहे आणि जहाजं कोणाची फिरू शकतात, यावर माल कुणाला मिळणार ते ठरे. म्हणजे ब्रिटन-फ्रान्सलाच. रूझवेल्ट यांना तेच हवं होतं. पण १९४० संपता संपता ब्रिटनचे डॉलर आणि सोनं संपत आलं. उधारी तर जुनी कर्जं थकवणाऱ्या देशांना नवं कर्ज नाकारणाऱ्या १९३४ च्या जॉन्सन कायद्याने आणि या कायद्याने, दोन्हीकडून बंद.

प्रश्न (मुंबई) : पन्नास विनाशिका आणि ‘लेंड-लीज’ या गोष्टी तटस्थतेत कशा बसवल्या? १४ एप्रिल १९४४ ला आमच्या गोदीत फुटलेलं ‘फोर्ट स्टिकीन’ही लेंड-लीजचंच होतं असं ऐकतो.

बसवल्या नाहीत. शब्दांची चलाखी करून भोवतीने वाट काढली.

विनाशिकांचं आधी. जून १९४० च्या एका कायद्याप्रमाणे आपल्या संरक्षणाला ही नौका आवश्यक नाही, असा दाखला नौदलप्रमुखाने दिल्याशिवाय ती कोणाला देता येत नव्हती. नौदलप्रमुख ॲडमिरल हॅरल्ड स्टार्क आदल्याच काळात त्या नौका उपयोगी असल्याचं सांगत होते. तेव्हा सौदा असा रचला की ५० जुन्या विनाशिकांच्या बदल्यात बहामा, जमैका, त्रिनिदाद वगैरे ठिकाणी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने तळ मिळतील. मग देशाचं संरक्षण एकंदरीत वाढतंच, म्हणून दाखला देता येतो. ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी तसं मत लिहून दिलं आणि २ सप्टेंबर १९४० ला व्यवहार झाला. देशांतर्गत कायद्याची बाजू त्यांनी सांभाळली असेल. पण सरकारने लढणाऱ्याला युद्धनौका देऊ नयेत हा हेगचा नियम उघड मोडला. सुरुवातीला सांगितलेली रेघ सरकारने ओलांडली ती इथे.

लेंड-लीज, म्हणजे उसनं किंवा भाड्याने देण्याच्या कायद्यावर ११ मार्च १९४१ ला सही झाली. विधेयकाचा क्रमांक मुद्दाम १७७६ ठेवला होता, स्वातंत्र्याचं साल. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर बागेची नळी आधी द्यावी, किंमत मागत बसू नये, आग विझल्यावर नळी परत घ्यावी, असा दाखला रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९४० मध्ये पत्रकारांना दिला होता. ज्या देशाचं रक्षण अमेरिकेच्या रक्षणासाठी निकडीचं आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटेल, त्याला माल विकावा, भाड्याने द्यावा, उसना द्यावा, परतफेड कशी ते नंतर ठरवावं. पहिली तरतूद ७०० कोटी डॉलर, युद्धाअखेर एकूण ५,००० कोटींच्या आसपास. त्यांतले ३,१०० कोटी ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्याकडे, १,१०० कोटी सोव्हिएत संघाकडे. रोख अटीची जागा उसनवारीने घेतली आणि सरकार स्वतः पुरवठादार झालं. युद्धानंतर उरलेला माल ब्रिटनला नाममात्र किमतीत उधारीवर मिळाला. त्याचा आणि त्या वेळच्या मोठ्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये फेडला.

फोर्ट स्टिकीनबद्दल तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. १९४२ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स रूपर्टला बांधलेलं हे जहाज लेंड-लीजखालीच ब्रिटनला वापरायला मिळालं होतं. व्हिक्टोरिया गोदीत त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. दोष जहाजाच्या मालकीचा नव्हता, भरणीचा होता.

प्रश्न (बेळगाव) : मग तटस्थता नेमकी कधी संपली? पर्ल हार्बर झालं नसतं तर अमेरिका बाहेर राहिली असती का?

पर्ल हार्बरच्या दिवशी संपण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. जुलै १९४१ मध्ये अमेरिकन मरीन आइसलँडला उतरले. ४ सप्टेंबरला ‘ग्रीअर’ ही विनाशिका एका जर्मन पाणबुडीचा तासन् तास माग काढत तिची जागा ब्रिटिश विमानाला कळवत होती. विमानाने बॉम्ब टाकले, पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. रूझवेल्ट यांनी देशाला सांगितलं ते एवढंच, की पाणबुडीने आधी मारा केला. पाठलागाचा भाग गाळला. हेतू कितीही चांगला असला तरी लोकशाहीत लोकांपासून असं दडवणं आम्हाला मान्य नाही. त्यानंतर अमेरिकन युद्धनौका ब्रिटिश ताफ्यांना सोबत करू लागल्या. ऑक्टोबरमध्ये पाणबुडीच्या माऱ्यात ‘कर्नी’ या विनाशिकेवर ११ खलाशी मेले, ३१ तारखेला ‘रूबेन जेम्स’ शंभरावर माणसांसह बुडाली. नोव्हेंबरमध्ये १९३९ च्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द झाली. व्यापारी जहाजांवर तोफा चढवायला आणि युद्धक्षेत्रात जायला मोकळीक मिळाली. मतं पाहा : सिनेटमध्ये ५० विरुद्ध ३७, प्रतिनिधीगृहात २१२ विरुद्ध १९४. देश अजूनही जवळजवळ मधोमध दुभंगलेला होता. म्हणून पर्ल हार्बरने तटस्थता संपवली म्हणण्यापेक्षा तो वाद संपवला, असं म्हणणं जास्त खरं.

जपानच्या बाजूने पाहिलं तर घाव तेलाचा होता. त्याचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येई. २६ जुलै १९४१ ला अमेरिकेने जपानचा पैसा गोठवला. त्यानंतर तेलाचा परवाना मिळाला, तरी किंमत चुकवायला ते गोठवलेले पैसे सोडायची परवानगी मिळेना आणि विक्री ठप्प झाली. साठा दिवसागणिक आटत होता. ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर केलेल्या हल्ल्यात २,४०३ अमेरिकन मेले. दुसऱ्या दिवशी युद्धाचा ठराव सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ०, प्रतिनिधीगृहात ३८८ विरुद्ध १ असा झाला. तो एक विरोध जीनेट रँकिन यांचा. १९१७ मध्येही त्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं. आणि जर्मनीशी युद्ध अमेरिकेने आधी पुकारलं नाही. ११ डिसेंबरला हिटलरने ते पुकारलं.

युद्धानंतर जुनी स्थिती परत आली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने सभासदांना आक्रमकाविरुद्धच्या कारवाईत साथ द्यायला बांधून घेतलं. ४ एप्रिल १९४९ च्या नाटो कराराने युरोपात एकावर हल्ला तो सर्वांवर, हे अमेरिकेने मान्य केलं. सिनेटने तो ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. १७७८ च्या फ्रेंच तहानंतर अमेरिकेने शांततेच्या काळात अमेरिका खंडाबाहेर केलेली ही पहिली लष्करी युती.

प्रश्न (न्यू जर्सी) : यांतलं आज काही शिल्लक आहे का? मी इथे एका यंत्रभागांच्या कारखान्यात अभियंता आहे.

आहे, आणि तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध येऊ शकतो. मित्रदेशाविरुद्ध मोहीम काढण्यावरचं १७९४ चं कलम आजच्या फौजदारी संहितेत आहे. १९३५ च्या नोंदणी आणि परवाना पद्धतीची परंपराही चालू आहे. तेव्हाचं नियंत्रण मंडळ गेलं, पण १९७६ च्या शस्त्र निर्यात नियंत्रण कायद्याखाली परराष्ट्र खातं आजही युद्धसाहित्याची यादी ठेवतं. त्या यादीतला भाग बनवणाऱ्या कारखान्याला नोंदणी करावी लागते, निर्यात करत नसला तरी.

लोक फसतात ते ‘निर्यात’ या शब्दाशी. पेटी जहाजावर चढली तरच निर्यात, असं नाही. यादीतल्या भागाचं तांत्रिक रेखाचित्र पुण्यातल्या सहकाऱ्याला ईमेलने पाठवलं तर ती निर्यात. अमेरिकेतच बसलेल्या, पण नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या सहकाऱ्याला ते दाखवलं तरी बहुतेक वेळा निर्यातच धरली जाते. एच-वन व्हिसावरच्या माणसाला हा नियम लागू पडतो. म्हणून रेखाचित्र उघडण्याआधी त्याच्या चौकटीत निर्बंधाची सूचना छापली आहे का ते पाहा. सूचना नसेल तरी भाग कोणत्या गिऱ्हाइकासाठी आहे ते विचारा, आणि शंका असेल तर कारखान्याच्या निर्यात-अनुपालन अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नका.